हक्काचा घास आणि पाच आठवड्यांची प्रतीक्षा





 या पानावर जयंती महोत्सवाचा आढावा घ्यावा, दात्यांचे ऋण मान्य करावे आणि नव्या पिढीला चार शब्द सांगावेत, अशी आपल्याकडची प्रथा आहे. यंदा तो सारा मजकूर आतील पानांवर आहे. हे पान आम्ही अशा एका विषयास दिले आहे की, ज्याचा उच्चार आपल्या व्यासपीठावरून सहसा होत नाही. भोजनाच्या पंक्तीत मात्र हलक्या आवाजात होतो. नोकरी सुटलेल्या, आजारी पडलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळे राहावे लागलेल्या माणसाला सरकारी साहाय्य मंजूर होते. पण ते हाती पडेपर्यंत घरातील डबे रिकामे होतात. हा विलंब का होतो, कोणाच्या सोयीने होतो आणि त्या काळात आपण काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या मौनाचा विचार करू. आपल्या समाजाला दुसऱ्यापुढे हात पसरण्याची जी घृणा आहे, ती उगाच आलेली नाही. महारकीच्या वतनात गावाचे काम करावयाचे आणि त्या बदल्यात घरोघर जाऊन भाकरतुकडा गोळा करावयाचा, ही आपल्या आजे-पणज्यांची दिनचर्या होती. काम हक्काने करून घेतले जाई. मोबदला मात्र मेहेरबानी म्हणून, देणाऱ्याच्या लहरीप्रमाणे मिळे. प. पू. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि टाकलेले शिळेपाके अन्न सोडून देण्यास सांगितले, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. त्यामागे हाच विचार होता, की श्रमाचा मोबदला ठरलेला असावा, ठरल्या वेळी मिळावा आणि त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये.

या शिकवणीचा आपल्यापैकी अनेकांनी अर्धाच अर्थ घेतला. सरकारी साहाय्य घेणे म्हणजे पुन्हा तुकडा मागणे, अशी समजूत करून घेऊन काही कुटुंबे अर्जच करीत नाहीत. करतात तेव्हा फार उशिरा, शिल्लक संपल्यावर आणि क्रेडिट कार्डाचे देणे डोक्यावर चढल्यावर करतात. बाबासाहेबांचा विरोध लाचारीला होता, कायद्याने दिलेल्या हक्काला नव्हता. भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य आणि आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्या देशात आपण राहतो, त्या देशानेही हा हक्क सहजासहजी मान्य केलेला नाही. १८३४ च्या गरीब कायद्याने मदत मागणाऱ्याला वर्कहाउसमध्ये लोटले. तेथील जीवन बाहेरच्या अत्यंत दरिद्री मजुराच्या जीवनाहूनही नकोसे असले पाहिजे, हे त्या कायद्यामागचे तत्त्व होते. भुकेल्याने मागूच नये, अशी ती रचना होती. डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना गरीब कायदा संपुष्टात आणला. हे बेव्हरिज बंगालमधील रंगपूर येथे जन्मलेले. १९१९ पासून १९३७ पर्यंत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. म्हणजे १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब तेथे अभ्यास करीत होते आणि किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात अपुऱ्या अन्नावर रात्री जागवीत होते, तेव्हा त्या संस्थेची सूत्रे बेव्हरिज यांच्या हाती होती. पुढे बेव्हरिज यांचा अहवाल बाहेर पडला त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४३ साली, भारतीय कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आकारास आला. सामाजिक सुरक्षिततेचा विचार आपल्याला परका नाही, हे ध्यानात यावे म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. ब्रिटनमध्ये जुलै १९५४ पर्यंत शिधापत्रिका होत्या; आज रेशनचे दुकान नाही. गरजू घराचा शिधा मुख्यतः रोख रकमेच्या रूपाने येतो आणि ती रक्कम म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. २०१२ च्या कायद्याने ही योजना आली आणि एप्रिल २०१३ मध्ये अॅश्टन-अंडर-लाइन येथे तिची सुरुवात झाली. पूर्वीची सहा वेगवेगळी साहाय्ये, त्यांत घरभाड्याचे आणि मुलांचेही, या एकाच रकमेत विलीन झाली. जुन्या व्यवस्थेत एक पैसा अडकला तरी दुसरा चालू असे. आता अडकले की सगळेच एकदम अडकते.

यातील पहिला विलंब हा चुकीने होणारा नाही. तो मुद्दाम ठरविलेला आहे. उदाहरणार्थ, एखाद्या गृहस्थाची गोदामातील नोकरी ३ मार्चला सुटली आणि त्याने १० मार्चला अर्ज पूर्ण करून पाठविला, असे समजू. त्याचा हिशेबाचा महिना १० मार्च ते ९ एप्रिल असा धरला जातो. तो महिना संपल्यावर त्या काळात घरात किती पैसा आला हे पाहिले जाते आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत, म्हणजे १६ एप्रिलच्या सुमारास, पहिली रक्कम बँकेत जमा होते. हेच ते पाच आठवडे. नोकरी सुटल्यापासून मोजले, तर त्या घराला सहा आठवड्यांहून अधिक काळ काढावा लागला. कारण पहिला आठवडा ‘दुसरे काम मिळेल’ या आशेत गेला. मागील तारखेपासून रक्कम मिळण्याची सोय फारच अपवादात्मक आहे आणि तीही एका महिन्यापुरती. म्हणून लाजेने किंवा आशेने घालविलेला प्रत्येक दिवस हा गमावलेला दिवस होय.

याच हिशेबात आणखी एक खोच आहे. जुन्या मालकाने शेवटचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे १२ मार्चला दिले, तर ते पहिल्या हिशेबाच्या महिन्यातील उत्पन्न धरले जाते आणि पहिली रक्कम घटते, प्रसंगी शून्य होते. म्हणून अर्जाची तारीख ठरविताना शेवटचा पगार कधी येणार हे पाहणे आवश्यक असते. परंतु घरभाडे आणि मुले असलेल्या घराने कोणा जाणत्याला विचारल्यावाचून अर्ज लांबवूही नये. दर चार आठवड्यांनी पगार घेणाऱ्यांना वर्षातून एकदा एकाच हिशेबाच्या महिन्यात दोन पगार आल्याचे दिसते आणि त्या महिन्याचे साहाय्य कोसळते. मासिक पगार असणाऱ्या चार एकल मातांनी अशाच विसंगतीविरुद्ध दाद मागितली. महिनाअखेरीस सुट्टी आली की त्यांचा पगार दोनतीन दिवस आधी होई आणि एका महिन्यात दोन पगार मोजले जात. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियम बदलला. तो लाभ मासिक पगारदारांनाच मिळाला. चार आठवड्यांच्या पगारवाल्यांना नाही.

ही मासिक पद्धत का? नोकरदार माणूस महिन्याच्या पगारावर घर चालवितो, तशीच सवय साहाय्य घेणाऱ्यालाही लागावी, असे योजनाकर्त्यांनी सांगितले. कागदावर हे शोभून दिसते. परंतु रुग्णालयाची फरशी पुसणारे, भाजीपाल्याची खोकी भरणारे, वृद्धांच्या घरी सेवेला जाणारे अनेकजण आठवड्याच्या हिशेबावर जगतात. त्यांच्या हाती महिन्याचा पगार शिल्लक असता तर ते जॉबसेंटरची पायरी चढलेच नसते! स्कॉटलंडमध्ये मागितल्यास आणि उत्तर आयर्लंडमध्ये सर्वसाधारणपणे महिन्यातून दोनदा रक्कम मिळते. म्हणजे महिन्याचा नियम काही निसर्गनियम नव्हे.

पूर्वी तर ही प्रतीक्षा सहा आठवड्यांची होती. सुरुवातीचे सात दिवस कशातच धरले जात नसत. ते दिवस फेब्रुवारी २०१८ पासून रद्द झाले. त्याच वर्षी जूनमध्ये या देशाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेने आपला अहवाल दिला. २०१७ साली सुमारे १,१३,००० नव्या अर्जदारांना, म्हणजे चारांतील एकाला, ठरल्या दिवशी पूर्ण रक्कम मिळाली नव्हती आणि उशीर सरासरी चार आठवड्यांचा होता, असे त्यात नमूद आहे. हा उशीर मूळच्या प्रतीक्षेवर वाढीव होता, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर कामकाज बरेच सुधारले, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाच आठवडे तसेच राहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑलस्टन या देशाची पाहणी करून गेले, त्यांनीही या प्रतीक्षेवर कडक शब्दांत टीका केली होती.

या टीकेला शासनाचे उत्तर एकच असते: आगाऊ रक्कम घ्या. पहिल्या महिन्याच्या अपेक्षित साहाय्याएवढी रक्कम अर्जदारास आधी मिळू शकते. ती जरूर मागावी. न मागितल्यास कोणी आणून देत नाही. पण ती काय आहे, हे मराठवाड्यातून आलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ती उचल आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग संपूर्ण हंगाम ती फेडण्यात जातो. येथे व्याज नाही आणि मुकादमही नाही, हा फरक मोठा आहे. तथापि ६०० पौंड घेतले आणि ते २४ महिन्यांत फेडावयाचे म्हटले, तर दरमहा २५ पौंड अशा रकमेतून कापले जातात की जी मुळातच जेमतेम पोटापुरती ठरविलेली आहे. फेडीची मुदत पूर्वी बारा महिन्यांची होती, एप्रिल २०२१ पासून चोवीस झाली. एप्रिल २०२५ च्या अखेरीस सर्वसाधारण कपातीची कमाल मर्यादा मूळ भत्त्याच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणण्यात आली. हे सारे बदल स्वागतार्ह आहेत. परंतु ज्या पाच आठवड्यांसाठी उचल घ्यावी लागली, ते पाच आठवडे शासनानेच निर्माण केलेले आहेत, हा मूळ मुद्दा त्यामुळे बदलत नाही. एप्रिल २०१३ पूर्वी अशा अडचणीसाठी सोशल फंडातून तातडीचे कर्ज मिळत असे. ते बंद करून इंग्लंडमध्ये ती जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकण्यात आली. त्यामुळे आज एका कौन्सिलच्या हद्दीत मदत मिळते, रस्ता ओलांडला की मिळत नाही, असाही अनुभव येतो.

आतापर्यंत सांगितले ते सर्वांना लागू आहे. आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या वाट्याला आणखी काही विलंब येतात आणि त्यांची माहिती नसल्याने आपली माणसे अधिक होरपळतात.

पहिला नावाचा. भारतीय पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये, विवाहानंतर बदललेले आडनाव, धर्मांतरानंतर कोणी स्वीकारलेले नवे आडनाव, आणि राष्ट्रीय विम्याच्या नोंदीत यांपैकी भलतेच एखादे. संगणकाला ही दोन माणसे वाटतात आणि ओळख पटेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. सर्व कागदपत्रांवरील नाव एकसारखे करून घेण्याचे काम सुस्थितीत असतानाच उरकावे.

दुसरा वास्तव्याचा. १९९४ साली नित्य वास्तव्याची कसोटी लागू झाली. ती ब्रिटिश नागरिकालाही लागू आहे. आईच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षे अकोल्यास राहून परतलेल्या ब्रिटिश पासपोर्टधारक मुलीलासुद्धा, आपण येथे पुन्हा कायम राहावयास आलो आहोत, हे दाखवून द्यावे लागते. घरभाड्याचा करार, डॉक्टरकडील नोंदणी, मुलांच्या शाळेचे पत्र, सामान हलविल्याची पावती असे सर्व जपून ठेवावे.

तिसरा व्हिसाचा, आणि येथे चूक महाग पडते. १९९९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीस मनाई आहे, त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट घेता येत नाही. विद्यार्थी, कुशल कामगार आणि त्यांचे जोडीदार बहुधा याच वर्गात मोडतात. अशांनी कोणाच्या सांगण्यावरून अर्ज करू नये. केल्यास पुढे कायम वास्तव्याच्या वेळी अडथळा येऊ शकतो. पती-पत्नींपैकी एकालाच हक्क असेल, तर परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारास आधी विचारावे. मात्र फूड बँकेचे धान्य आणि मुलांचे शाळेतील मोफत जेवण हे सार्वजनिक निधीत मोडत नाहीत. २०२२ पासून इंग्लंडमध्ये निधीस मनाई असलेल्या, परंतु उत्पन्न मर्यादेत असलेल्या घरांतील मुलांनाही शाळेचे मोफत जेवण कायमस्वरूपी खुले झाले आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्याने एखादे मूल दुपारी उपाशी राहत असेल, तर त्याचा दोष त्या घराइतकाच, कधीही न सांगणाऱ्या आमच्यासारख्या संस्थांचाही आहे.

चौथा प्रवासाचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याची प्रत्येकाची इच्छा असते आणि एकाच खर्चात दोन्ही साधावे म्हणून मुक्काम लांबतो. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याने एक महिन्याहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास त्याचा हक्क सर्वसाधारणपणे थांबतो. पेन्शन क्रेडिटच्या बाबतीत ही मर्यादा चार आठवड्यांची आहे. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसारख्या प्रसंगी काही सवलत मिळते, पण ती मागावी लागते. जाण्यापूर्वी न कळविल्यास परतल्यावर चौकशी, परतफेडीची नोटीस आणि नवा अर्ज असे दुष्टचक्र सुरू होते. पेन्शन क्रेडिटसंबंधी आणखी एक सांगणे आहे. ज्या ज्येष्ठांनी ढलाईच्या कारखान्यांत आणि कापड गिरण्यांत उमेद घालविली, त्यांच्यापैकी अनेकांनी आजवर त्यासाठी अर्जच केलेला नाही. तो केल्यास, पात्रता असल्यास, तीन महिने मागील रक्कमही मिळू शकते.

प्रत्यक्ष अन्नासाठी असलेल्या साहाय्यातही विलंब आहेच. गर्भवती माता आणि चार वर्षांखालील मुले यांना दूध, फळे, भाज्या, डाळी घेता याव्यात म्हणून २००६ साली हेल्दी स्टार्ट योजना आली. कागदी कुपने मार्च २०२२ अखेर संपली आणि त्यांच्या जागी कार्ड आले. कार्ड बदलण्याच्या त्या काळात कित्येक मातांना कार्ड वेळेवर मिळाले नाही, मिळाले ते चालू झाले नाही आणि दुकानाच्या गल्ल्यावर, मागे रांग उभी असताना, यंत्राने ते नाकारले. हे साहाय्य अर्ज केल्यावाचून मिळत नाही आणि गेलेल्या आठवड्यांचे परत मिळत नाही. मूल मात्र त्या आठवड्यांतही वाढतच असते. शाळेच्या जेवणाबाबत इंग्लंडपुरता एक मोठा बदल शासनाने जून २०२५ मध्ये जाहीर केला. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक घरातील मुलाला, मिळकतीची ७,४०० पौंडांची जुनी मर्यादा न लावता, मोफत जेवणाचा हक्क राहील, असे त्यात म्हटले होते. १९०६ साली शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली, तेव्हापासूनचा हा प्रवास आहे.

आणि या सर्वांतून जे निसटतात, ते फूड बँकेच्या दाराशी येतात. ट्रसेल ट्रस्टची पहिली फूड बँक सॅलिसबरी येथे २००० साली सुरू झाली. २०२३-२४ या एका वर्षात त्या संस्थेच्या केंद्रांनी एकतीस लाखांहून अधिक आपत्कालीन शिध्याची पाकिटे दिली. डिसेंबर २०१४ मध्ये फ्रँक फील्ड आणि ट्रुरोचे बिशप यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय चौकशीने, लोक फूड बँकेकडे का वळतात याची कारणे दिली, त्यांत साहाय्याच्या रकमेतील विलंब हे ठळकपणे मांडले होते. तेथे काम करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी आम्हांस आदरच आहे. पण विलंबाचे खरे स्वरूप येथे उघडे पडते. कायद्याने जो हक्काचा घास होता, तो वेळेवर न आल्याने माणूस दानाच्या घासाकडे ढकलला जातो. पाच आठवड्यांनी रक्कम येते तेव्हा ती कायदेशीरच असते. पण मधल्या काळात त्या घराला पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागलेले असते. ज्या पायरीवरून आपल्याला खाली उतरविण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले, तीच ही पायरी.

मायदेशात तरी काय वेगळे आहे, असे कोणी विचारील. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या आपल्या माणसांना सुकडी आठवते, लाल मिलो आठवतो आणि मस्टरवर नाव चढूनही पगार होईपर्यंत वाण्याकडे वाढत गेलेली उधारी आठवते. पण त्याच दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि त्यात पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानेही, ठरलेले धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे आठव्या कलमात लिहिले. प्रत्यक्षात हे भत्ते कितीजणांच्या पदरात पडले, हा प्रश्न विचारावा तेवढा थोडाच. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. त्या घराची शिधापत्रिका आधारशी जोडलेली नसल्याने रद्द झाली होती. मृत्यू भुकेने नव्हे तर आजाराने झाला, असे शासनाने सांगितले. म्हणजे तेथे कायदा चांगला आणि अंमल दुबळा. येथे अंमल बराच बरा. पण उशिराची किंमत शासनाने चुकती करावी, असे कलमच या साहाय्याच्या कायद्यात नाही. भरपाई मिळते ती खात्याच्या मर्जीने, तक्रार करणाऱ्याला. आपल्या संघटनांनी येथील खासदारांपुढे मागणी ठेवावयाची असेल, तर ती ही ठेवावी: पहिला हप्ता परतफेडीवाचून द्या, आणि तुमच्या चुकीने उशीर झाल्यास त्याची भरपाई कायद्याने द्या.

तोवर व्यवहार सांभाळला पाहिजे. निर्णय चुकीचा वाटला, तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागावा आणि तरीही न पटल्यास न्यायाधिकरणाकडे जावे. निर्णयच येत नसेल, तर तो वेगळा रोग आहे. त्यावर फेरविचाराचे औषध नाही. तेथे लेखी तक्रार करावी, स्थानिक खासदाराच्या कार्यालयास पत्र द्यावे आणि सिटिझन्स अॅडव्हाइससारख्या संस्थेचे साहाय्य घ्यावे. दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमध्ये लिहून टाकावे. तोंडी आश्वासनाचा पुरावा राहत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक कथा आहे. एक गरीब शेतकरी तथागतांचा उपदेश ऐकावयास निघाला. पण त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून तो पोहोचला तेव्हा बराच उशीर झाला होता आणि तो भुकेने व्याकुळ होता. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी प्रथम उरलेले अन्न त्याला वाढावयास लावले, त्याची भूक शमल्यावरच उपदेशास आरंभ केला. भिक्षूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेसारखा रोग नाही, असे त्यांनी समजाविले. या कथेत वाट पाहिली ती बुद्धाने. भुकेल्याला पाहावयास लावली नाही.

या दृष्टीने मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. रविवारच्या वंदनेनंतर एक तास, अर्ज भरण्याची आणि संगणकाची माहिती असलेल्या दोघा तरुणांनी विहाराच्या मागील खोलीत बसावे. आपल्या मुलांना ही कामे चुटकीसरशी येतात. त्यांच्या आजी-आजोबांना येत नाहीत. शिवाय जयंतीच्या शिल्लक निधीतून एक छोटी रक्कम बाजूला काढावी आणि पाच आठवड्यांच्या काळात ज्याला गरज असेल त्याला ती परतफेडीची अट न घालता द्यावी. दात्यांची नावे व्यासपीठावरून वाचण्याची आपली प्रथा चालू राहू द्यावी. घेणाऱ्याचे नाव मात्र खजिनदाराच्या वहीतही केवळ क्रमांकाने लिहावे.

— संपादक मंडळ